नाना, तो लॉटचा रंग नव्हता

नाना, आपली गोडादऱ्याची पहिली खोली. भिंतीपलीकडे लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, आणि भिंत एका विटेची. पाठ टेकली की दात वाजायचे. ताटलीतली डाळ कधी स्थिर पाहिली नाही मी, तिच्यावर सारखे बारीक तरंग. वर पत्रा. उन्हाळ्यात माय लुगडं ओलं करून दारात टांगायची. नळ गल्लीच्या तोंडाशी, आणि पाणी केव्हा येणार हे फक्त त्या नळाला ठाऊक, म्हणून घरातलं एक माणूस कायम हंड्याजवळ. पाचवीचा भूगोल मी हंड्यावर बसून पाठ केला, कानात कापूस घालून. सुरतेत कापूस तरी कुठला, इथे सगळं नायलॉन आणि पॉलिस्टर. माय गावाहून आणलेल्या गादीला भोक पाडून त्यातला काढून द्यायची. गादी पातळ होत गेली आणि मी दहावी झाले.

तू तेव्हा खातं सोडून पांडेसऱ्याच्या डाईंग मीलमध्ये लागला होतास, कापड रंगवायच्या जेट मशिनीवर. ज्या रंगाचा लॉट चालू असेल त्या रंगाचा होऊन घरी यायचास. नखं, कानाच्या पाळ्या, घाम, थुंकी, सगळं त्याच रंगाचं. आम्ही दारातूनच ओरडायचो, "आज राणी!" "आज मेंदी!" तू साबण लावून लावून हात घासायचास आणि तरी भाकरीवर बोटं उठायची. माय म्हणायची, "यास्नी भाकर पन डाईंग करी टाकी." आणि आपण सगळे हसायचो. या हसण्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे.

तुझं तेरावं झालं. माणसं यायची थांबली. मी पुन्हा लॅबमध्ये जाते आहे. हात चालतात, पण बाकीची मी कुठे असते कोण जाणे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. काल लॅबसाठी उधन्याला उतरायचं सोडून पुढे गेले आणि उलट रिक्षाने परत आले. तुझा भाऊ, आधारकाका, म्हणतो, "नानाचं नाव घे, शांत वाटेल." मला शांत वाटून घ्यायचं नाही. तुझं-माझं भांडण अर्धवट राहिलंय.

आणि हो, इथेही मी तुला 'तू'च म्हणणार. कॉलेजात जायला लागल्यावर एकदा मी तुला 'तुम्ही' म्हटलं, तर तू मागे वळून दाराकडे बघितलंस. "कोन पाव्हना उना व?"

मी बी.एस्सी. आहे हे मी मिरवून सांगते. कुणी विचारलं नाही तरी सांगते. आपल्या सात पिढ्यांत कॉलेजचं दार कुणी आतून पाहिलं नव्हतं. निकालाच्या दिवशी तू मला घेऊन मीलच्या गेटवर उभा राहिलास, पाळी सुटायच्या वेळेला. लाल, निळे, हिरवे झालेले लोक बाहेर पडत होते आणि तू एकेकाला थांबवत होतास. "हाई मनी पोर. सायन्स." डाईंग मास्टर स्कूटरवर निघाला होता, तोही थांबला. "कौन सा सायन्स, नाना?"

"सगळं," तू म्हणालास.

मी मायक्रोबायॉलॉजी म्हणेपर्यंत मास्टर गेला होता.

मग मला उधन्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळालं. शरीरातून काढलेला तुकडा यायचा, तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा आणि काचेवर घेऊन रंगवायचा. तू एकदा बघायला आलास. बाटल्यांची बुचं काढून वास घेतलास. "दोनच?"

"दोनच. निळा आणि गुलाबी. निळा पेशीच्या मधल्या दाण्याला, गुलाबी बाकीच्याला."

"दोन रंगवर धंदा चालस तुमना?" तुला खरंच कीव आली होती. लॅबचे डॉक्टर, आमचे साहेब, आत सूक्ष्मदर्शकावर होते, ते हसायला लागले. म्हणाले, "काका, तमे मशीन पर, दीकरी काच पर. धंधो तो एक ज छे." तो सगळा दिवस तुझी छाती फुगलेली होती.

त्याच दिवसांतलं आपलं भांडण. साहेबांकडे एक जाड पुस्तक होतं, दुपारच्या रिकाम्या वेळात मी ते वाचायचे आणि जेवताना तुला सांगायचे. तुला रोज काहीतरी नवं लागायचं. त्या दिवशी मी सांगितलं की पेशीही म्हातारी होते. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, पण असं कितीही वेळा चालत नाही. तिच्या आत जे धागे असतात, त्यांची टोकं दर वेळी जराशी झिजतात. टोकं फार झिजली की पेशी थांबते. मरत नाही, नुसती थांबते, पुढे वाढत नाही. मी म्हटलं, हे शरीराचं शहाणपण आहे, कारण जी पेशी थांबायचं नाकारते, झिजलेली टोकं पुन्हा बांधून घेते आणि वाढतच सुटते, तीच कॅन्सरची.

तुझा घास हातात राहिला. तेव्हा मीलमध्ये तुला जेटवरून काढून फोल्डिंगला, कापडाच्या घड्या घालायला, बसवायचं चाललं होतं. तुझं खरं वय कुणालाच माहीत नव्हतं, शाळेत मास्तरांनी अंदाजाने तारीख टाकली होती. पण मास्टर तुला 'बुढ्ढा' म्हणायला लागला होता आणि ते तुला झोंबायचं.

"म्हनजे म्हातारं व्हयनं की थांबी जावानं, हाईच लिखेल शे का तुन्या पुस्तकमा?"

"माणसाचं नाही रे, पेशीचं."

"थांबेल पेशी मंग काय करस?"

"काही नाही. बसून असते."

तू हसलास. म्हणालास, थांबलेला कुणी गप बसलेला मी तरी पाहिला नाही. तुझ्या बापाचं उदाहरण दिलंस. आबानं शेत सोडलं, ओट्यावर बसायला लागला आणि सगळी गल्ली हैराण. याला सांग, त्याला डिवच, पोरांना चिथव. स्वतः काठी टेकून बसलेला आणि दोन घरांत मारामारी लावून दिलेली. "थांबेल माणूस नुस्ता बठत नही, सुनी. बोलस. आजूबाजूले बिघाडस."

"पेशीला तोंड नसतं, नाना."

"तुले काय माहीत?"

मी चिडले. माणसाची गोष्ट पेशीला लावायची नसते, विज्ञान असं चालत नाही, वगैरे खूप बोलले. तू भाकरी मोडत म्हणत राहिलास, "बरं, बरं, सायन्स." असं म्हटलं की मला आणखी राग यायचा, आणि तुला ते ठाऊक होतं.

मग लग्नसराईचा लाल लॉट आला. महिनाभर मीलमध्ये दुसरा रंग नव्हता, घरात तू कुंकवाच्या डबीतून उठून आल्यासारखा यायचास. याच महिन्यात तुला संडासला लाल दिसायला लागलं. तेव्हा हे तू मला सांगितलं नाहीस, सगळं मला तू गेल्यावर लोटनकाकाने सांगितलं. लोटनकाका, तुझ्या शेजारच्या जेटवरचा, गावाकडून तुझ्याच गाडीत बसून सुरतेला आलेला. तुम्ही दोघं त्यावर हसलात म्हणे. थुंकी लाल, घाम लाल, मग तेही लालच असणार. "पोटातून पण लॉट चाललाय," तू म्हणालास, आणि सगळी पाळी हसली. पुढे निळा लॉट लागला तरी लाल दिसायचं थांबलं नाही. तेव्हा तू म्हणालास, जुना रंग मुरलाय, निघायला वेळ लागेल.

नाना, दुनियेत दुसरं कुणी ही चूक केली नसती. शेतात राबणारा घाबरला असता, ऑफिसातला दवाखान्यात पळाला असता. फक्त जो माणूस रोज वेगळ्या रंगाचा होऊन घरी येतो, त्यालाच आपलं रक्त लॉटचा रंग वाटू शकतं. आणि घरात मी होते! दोन रंगांच्या बाटल्यांवर पोट भरणारी! एक शब्द बोलला असतास तर! पण बापाने पोरीजवळ संडासाचं कसं बोलायचं? मला राग तुझा येतो की या लाजेचा, हे अजून ठरत नाही. एकेक दिवस दोन्हींचा येतो.

तू वाळत गेलास. उन्हाळा आहे, म्हणालास. मग डोळे पिवळे झाले. तेव्हा चक्क पिवळा लॉट चालू होता आणि गल्लीतल्या पोरांनी दारातून आरोळी दिली, "आज हळद!" मी तुझी खालची पापणी ओढून बघितली आणि म्हटलं, डोळ्याच्या आत रंग जात नाही, ही कावीळ आहे.

कावीळ म्हटल्यावर माय आणि आधारकाका तुला लिंबायतला घेऊन गेले, कावीळ उतरवणाऱ्याकडे. मी नको म्हटलं, तरी मागे मागे गेले. त्याने परातीत चुन्याचं पाणी घेतलं, कसली तरी साल तुझ्या हातांना चोळली, मंत्र पुटपुटत हात धुवायला लागला. पाणी पिवळं होत गेलं. बाकीच्यांचं होतं त्याहून कितीतरी जास्त पिवळं. तो माणूसच घाबरला. माय हात जोडून रडायला लागली, "निंघनी, निंघनी कावीळ!"

तू परातीत वाकून बघितलंस. मग माझ्याकडे बघून गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "हाऊ मना कालना लॉट शे."

मला हसू आवरेना. तूही हसलास. कावीळवाला आधारकाकाला म्हणाला, पेशंटचा विश्वास नसेल तर गुण येत नाही. एवढं मनमोकळं आपण त्यानंतर हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, लिव्हरमध्ये गाठी दिसल्या. सुईने तुकडा काढला. तो तुकडा कुठे तपासायला जाणार? आमच्याकडेच. साहेब म्हणाले, "बेन, आ तुं ना करती. हुं बीजा पासे करावुं." मी म्हटलं, नाही, मीच करणार. माझ्याइतकं पातळ कुणी कापत नाही, आणि नानाचा तुकडा वाकडा कापलेला मला चालणार नाही.

मेणातून तुझ्या तुकड्याची पातळ फीत निघाली. कोमट पाण्यावर तरंगत होती, मी ती काचेवर उचलली. निळा दिला, धुतला, गुलाबी दिला. साहेबांच्या आधी मी बघितलं.

तुझं यकृत दिसलं, नाना. मोठ्या मोठ्या गुलाबी पेशी रांगेत. काही पेशींत तपकिरी बारीक दाणे होते. तो रंग मी दिलेला नव्हता. वापरून वापरून पेशी जुनी झाली की तो तिच्यात आपोआप साठतो, वयाचा रंग म्हणतात त्याला. आणि त्या थकलेल्या पेशींच्या मधोमध गोल गोल घरं बांधलेली, गच्च, गडद निळी. ती यकृताची नव्हती, आतड्याची होती. आतड्यात असतात तशीच वर्तुळं, तोच नमुना, परगावी येऊन गावाकडच्यासारखी घरं उभी केलेली. आपली गल्ली आठवली मला. लगेच स्वतःचा राग आला. आपण इथे येऊन कुणाचं घर खाल्लं नाही.

साहेब खूप वेळ बघत राहिले. मी विचारलं, आतड्यातून तुटलेली पेशी यकृतातच का येते? ते म्हणाले, आतड्याचं रक्त आधी तिथेच जातं. मी विचारलं, येते ते समजलं, पण रुजते का? सगळ्या तर रुजत नाहीत. त्यांनी काच जरा सरकवली. मग मी तुझा प्रश्न विचारला, साहेब, ज्या पेशी म्हाताऱ्या होऊन थांबल्या, त्या नुसत्या बसून असतात, की आजूबाजूला काही करतात? थकलेल्या यकृतात पाहुण्याला जागा लवकर मिळते का?

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, हा प्रश्न वेडा नाही, लोक आता असं विचारायला लागले आहेत. थांबणं हे कॅन्सरपासून रक्षण, इतकंच आजवर शिकवलं. तेच थांबलेलं पुढे वय झाल्यावर उलटतं का, हे अजून कुणाला नक्की माहीत नाही.

हे तुला सांगायचं राहिलं. खरं सांगू? थोडं मुद्दामच मागे ठेवलं होतं. तू जिंकलास असं तुला वाटलं असतं आणि तू गल्लीभर सांगितलं असतंस. तू जिंकलेला नाहीस, नाना, प्रश्न उघडा आहे. पण तुझा प्रश्न चांगला होता.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा सगळे माझी वाट बघत होते. मायने मला मोरीपाशी ओढलं. आधारकाकाही आला. मी सांगितलं. मायने तोंडात पदर कोंबला. आधारकाका म्हणाला, "नानाला कावीळच आहे. समजलं? आजाऱ्याला कॅन्सर सांगितला की तो त्याच दिवशी मरतो." मायने माझा हात आपल्या गळ्यावर ठेवून मला शपथ घातली.

मी खोलीत आले. तू खाटेवर उशीला टेकून बसला होतास. तू आजाराचं नाव विचारलं नाहीस. तू विचारलंस, "रंग कसा बठना?"

मी म्हटलं, "मस्त बसला."

"डाग?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. पलीकडे लूम चालू होते म्हणून ते चाललं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आजाराचे नव्हेत, नाटकाचे. गावाहून पाहुणे यायचे, म्हणायचे, "काय नाही नाना, उसाचा रस पी, कावीळ जाईल." माय उसाचा रस आणायची. तू प्यायचास आणि ओकायचास. आणि सगळ्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघायचास. मला माहीत होतं तू काय विचारतो आहेस. आपल्याकडे आजी गेली ती पोटाने गेली. आबा गेला तो वाऱ्याने गेला. मोठी आत्या कुणाच्या तरी नजरेने गेली. आपल्या कुणालाच आपण कशाने मरतोय हे मरायच्या आधी कळलं नाही. डॉक्टरला कळलं असेल, तर त्याने ते शिकलेल्या माणसाला सांगितलं असेल, आणि आपल्यात शिकलेलं माणूसच नव्हतं. आता होतं. मग तुला का नाही कळायचं? सात पिढ्यांनंतर एक पोर अहवाल वाचू शकते, आणि तिने तोंड बंद ठेवायचं? मग हंड्यावर बसून भूगोल कशाला पाठ केला मी?

रविवारची दुपार होती. खोली पाहुण्यांनी भरलेली, लूम धडाडत होते, एकमेकांशी बोलायला माणसं कानाशी तोंड नेत होती. तू भिंतीशी, मी दाराशी. तू खात्यावर होतास तेव्हाची तुझी सवय, लूमच्या आवाजात तुम्ही लोक आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवता आणि समोरचा वाचतो. मला तू लहानपणीच शिकवलं होतंस. आधारकाकाची टिंगल आपण त्याच्यासमोर अशीच करायचो.

तू ओठांनी म्हणालास, "खरं सांग."

मी ओठांनी सांगितलं. कॅन्सर. आतड्यात सुरू झाला. लिव्हरमध्ये पसरला. बरा होणार नाही.

मधे धाकट्या आत्याबाई चहाचे कप फिरवत होत्या. तू वाचलंस. पुन्हा एकदा सांग अशी खूण केलीस, मी पुन्हा सांगितलं. तू विचारलंस, "कितला दिन?" मी म्हटलं, थोडे. मग तू ओठांनी विचारलंस, "ते लाल?" मला तेव्हा समजलं नाही तू कशाबद्दल विचारतो आहेस. मी म्हटलं, काय लाल? तू मान हलवलीस, डोळे मिटलेस, कप घेतलास आणि सगळा चहा प्यायलास.

तू त्या दिवशी मेला नाहीस. आधारकाकाला हे मी ठासून सांगितलं आहे. उलट दुसऱ्या सकाळी तू मायला जवळ बसवून स्वतः सांगितलंस. माय आधी तुझ्यावर ओरडली, मग माझ्यावर, मग तुझ्या पायाशी झोपून राहिली. आणि तू म्हणालास, "उसना रस बंद. माले भरीत खावानं शे." दोन घास खाल्लेस, पण चवीने खाल्लेस.

आणि मग तू पाळीला बोलावलंस. मीलच्या सुट्टीच्या दिवशी, सगळ्या जेटवाल्यांना. आदल्या दिवशी तू मला नुसतं विचारलं होतंस, आपला रंग पोटात जातो का, आणि मी नाही म्हटलं होतं. गर्दी दाराबाहेर गेली. मला वाटलं निरोप घेणार. तू उठून बसलास, आवाज राहिला नव्हता तरी काढलास.

"लाल लॉट असो नही तं निळा असो. संडासले लाल दिसनं तर हसानं नही. आपला रंग पोटमा जात नही, सुनीनी सांगेल शे. मना रंग लॉटना नव्हता."

बायका पडद्याआड, असल्या विषयावर बापाने पोरीचं नाव घेतलेलं. मला जमिनीत जावंसं वाटलं आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की छातीत मावेना. शेवटी लोटनकाकाच म्हणाला, "मग काय नाना, आता संडासात रंगांचं शेडकार्ड घेऊन बसायचं का आम्ही?"

"बस," तू म्हणालास. "पन मॅचिंग मास्टरले नको दखाडू. सुनीले दखाड."

सगळे हसले. तूही हसलास. हसता हसता लोटनकाकाने तोंड फिरवलं, ते मी बघितलं.

लोक गेल्यावर आधारकाका माझ्यावर आला. "शिकलीस म्हणून बापाला मारलंस. जगला असता अजून." तू खाटेवरून म्हणालास, "आधार, मरी मी राहिनू. तू काब्र आरडी राहिना?" आधारकाका रडत खाली बसला. त्या आठवड्यातच तू गेलास.

आता हे सगळं झाल्यावर मी फेऱ्या मारते आहे. मी सांगितलं नसतं तर तू चार दिवस जास्त राहिला असतास का? साहेब म्हणतात नाही. आधारकाका म्हणतो हो. मी बी.एस्सी. असून मला रात्रंदिवस आधारकाकाचंच ऐकू येतं. तू ओठांनी 'खरं सांग' म्हणालास, ते खरंच तसं म्हणालास ना? की मला जे वाचायचं होतं ते मी वाचलं? मी कितीदा आठवून बघते, तुझे ओठ, तो धडाका, आत्याबाईंची चहाची थाळी. दर वेळी तेच वाचते. पण मग उठते, पाणी पिते, पुन्हा आठवते.

एक सांगते. तुझ्या तेराव्यानंतरच्या सोमवारी लोटनकाका लॅबच्या दारात उभा. हातात डबी, डबीला कटपीसचा तुकडा गुंडाळलेला. कान आकाशी, नखं आकाशी, मीलमध्ये आठवडाभर आकाशीच चालू होता. मान खाली घालून म्हणाला, "सुनी, नानाने हसायचं नाही म्हटलं होतं."

मी हसले नाही. मी डबी घेतली. तपासणीत रक्त निघालं. मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले, आत दुर्बीण घातली तेव्हा बाहेर बाकावर त्याची बायको आणि मी. मायही आली होती, न बोलावता. ती तीन आठवडे माझ्याशी धड बोलत नव्हती. बाकावर बसल्या बसल्या तिने पिशवीतून भाकरी काढली, अर्धी लोटनकाकाच्या बायकोला दिली, अर्धी मला. "खाय," म्हणाली. एवढंच म्हणाली.

लोटनकाकाचं ऑपरेशन परवा झालं. आतड्याचा तो भाग काढला आणि तुकडे आमच्या लॅबला आले. मीच कापले, मीच रंगवले. गाठ आतड्यातच होती, भिंतीच्या पलीकडे गेलेली नव्हती. साहेबांनी बघितलं, मग पुन्हा बघितलं. सोनोग्राफीही पुन्हा करून घेतली. लोटनकाकाचं लिव्हर साफ आहे.